आजाऱ्याची वाटी: पेज, कण्या आणि रेशनचा तांदूळ

मराठीत आजाऱ्याच्या जेवणाविषयी लिहिणारा माणूस, मग तो वैद्य असो की पाककृतींचा लेखक, पेजेपासून सुरुवात करतो. आधी पेज, मग मऊ भात, मग मुगाची खिचडी. या क्रमाला वंशावळही आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दुसऱ्याच अध्यायात 28 यवागू सांगितल्या आहेत. शोधनानंतर रोग्याला पेया, मग विलेपी असं पायरीपायरीने नेहमीच्या जेवणावर आणायचं, आणि आपली 'पेज' ही त्या 'पेये'चीच प्राकृतातून आलेली नात. वंशावळ खरी आहे. माझी तक्रार एवढीच, की ती साऱ्या महाराष्ट्राची म्हणून सांगितली जाते.

मुळात कोकण-गोव्यातही पेज ही काही फक्त आजाऱ्याची नव्हे. उकड्या तांदळाची पेज हे तिथल्या राबणाऱ्या माणसाचं रोजचं खाणं. आपल्या लेखनाने तिला पथ्याच्या खाटेवर नेऊन निजवलं.

मी भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याचा. आमचं रान ज्वारी-बाजरीचं, कापसाचं, आता मका आणि सोयाबीनचं. तांदूळ यायचा तो दुकानातून. माझ्या लहानपणी भात तीन वेळा शिजे: सणाला, पाहुण्याला आणि तापाला. भातासाठी अंग गरम असल्याचं सोंग करणारी पोरं मला माहीत आहेत. त्यांत मीही होतो. म्हणजे आमच्याकडे भात पथ्याचा ठरला तो पचायला हलका म्हणून जेवढा, तेवढाच महाग म्हणून. आजाऱ्याचा मान ठेवायचा तर दुकानातली वस्तू आणायची, हा त्यातला भाव. पुढे बिस्किटाचा पुडा आणि सलाईनची बाटली यांना तोच मान मिळाला.

ज्यांना तांदूळ परवडत नसे त्यांचा आजारी काय खाई? कण्या. गेली काही वर्षं मी गावातल्या आणि आसपासच्या वयस्क बायांना हे विचारत आलो आहे. ज्वारी किंचित ओलवून जात्यावर भरडायची, पीठ चाळून काढायचं, फोलपट पाखडायचं. उरलेल्या कण्या मीठ घातलेल्या आधणात वैरायच्या आणि मंद जाळावर शिजू द्यायच्या. निवल्यावर ताक. खोकला असेल तर ताक नाही, हुलग्याचं माडगं. पाणी किती, यावर दोन बायांचं एकमत होत नाही. एक म्हणाली, तापात पळीवरून धार पडली पाहिजे, उतार पडल्यावर पळीला चिकटली पाहिजे. पेया आणि विलेपीतला फरक याहून स्पष्ट मी कुठे ऐकलेला नाही, आणि त्या बाईने चरकाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने (1970) वाटी-चमच्याचं माप घरोघर नेलं. त्या मापावर शिकलेल्यांत मीही आहे. पण आजाऱ्याच्या खाण्यात माप भांड्यात नसतं, समोरच्या माणसात असतं. पुस्तकात ते कसं बसवायचं?

कण्यांची आरती मला करायची नाही. ज्वारी नुसत्या पाण्यात शिजली की तिच्यातली प्रथिनं पचायला अवघड होतात. या बाबतीत तांदूळ सरस, हे कबूल करायला हवं. मात्र आंबवल्यावर हा दोष बराच कमी होतो. सुदानमध्ये आंबवलेल्या ज्वारीची पातळ 'नशा' लहान मुलांना भरवतात. आमची आंबील त्याच जातीची. तेव्हा आजाऱ्याला कण्यांपेक्षा आंबील बरी, असं माझं मत आहे. बायांना ते पटत नाही. आंबील उन्हाळ्याची, म्हणतात.

आता उलटं झालं आहे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने तांदूळ 3 रुपये किलो झाला, 2023 पासून तो फुकट मिळतो. ज्वारीचा पेरा घटला, ती विकत घ्यावी लागते. भात रोजचा झाला आणि त्याचा पथ्याचा मान गेला. त्याच 2023 साली संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, सरकारने ज्वारीला 'श्रीअन्न' म्हटलं. त्या निमित्ताने आलेल्या लेखांत ज्वारी दिसली ती साखर आणि वजन कमी करणाऱ्यांच्या ताटात. तापातून उठणाऱ्या म्हातारीच्या वाटीत ती मला कुठे सापडली नाही. शाहू पाटोळ्यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'ने (2015) मराठवाड्यातलं दलितांचं स्वयंपाकघर मराठी वाचकासमोर मांडलं, ते फार मोठं काम. पण भूक आणि जात हा त्या पुस्तकाचा विषय. आजारपणाचं पान अजून कुणीतरी लिहायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी आत्या टायफॉइडमधून उठली. दवाखान्यातून घरी सोडताना हलकं द्या, खिचडी द्या, असं सांगितलं होतं. चार दिवस तिने खिचडी बाजूला सारली आणि पाचव्या दिवशी कण्या मागितल्या. मी ज्वारी घेऊन गिरणीवर गेलो. गिरणीवाला म्हणाला, "काका, दोन किलोसाठी गिरणी सैल केली तर मागच्या सगळ्यांचं पीठ जाडं येईल." जातं आमच्याकडे आहे, अंगणात, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलेली. शेवटी मिक्सर लावला. निम्मं पीठ झालं, निम्मे दाणे अख्खेच राहिले. मी चाळलं, शिजवलं, वर ताक ओतलं. आत्याने अर्धी वाटी खाल्ली. मग चमचा खाली ठेवून विचारलं, "कुणी भरडल्या रे? फोलपट राहिलंय."