मनाचा पालट आणि देवाचे राज्य

पवित्र शास्त्र हे मुख्यतः अंतःकरणातील धारणा पालटण्याचे मार्गदर्शन होय, असे मानणारी एक अर्थपद्धती गेल्या शतकात अमेरिकेत लोकप्रिय झाली. बार्बाडोस येथे १९०५ साली जन्मलेले व १९७२ साली निवर्तलेले नेव्हिल गॉडर्ड हे तिचे ठळक प्रतिनिधी. शास्त्रातील व्यक्ती म्हणजे जाणिवेच्या अवस्था आणि मनुष्याची कल्पनाशक्ती म्हणजेच देव, हे त्यांच्या शिकवणीचे सार. इष्ट वस्तू लाभलीच आहे अशी धारणा दृढ केली की ती प्रत्यक्षात उतरते, असे ते सांगत.

या मतात सत्यांश नाही, असे आम्ही म्हणत नाही. रूपकात्मक अर्थ ओरिजेनसारख्या प्राचीन आचार्यांनीही लाविला. रोमकरांस लिहिताना (१२:२) पौलाने मनाच्या नवीकरणाचाच आग्रह धरिला आहे. ओठांवर असलेला परंतु अंतरी न रुजलेला विश्वास निष्फळ, हे कोण नाकारील?

परंतु या पद्धतीचा आवडता आधार जो मार्क ११:२४, तो तपासून पाहावा. मागितलेले मिळाले आहे असा विश्वास धरावा, असे तेथे प्रभू सांगतो. प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत क्रियापदही भूतकाळीच आहे. तथापि बाविसाव्या वचनात विश्वासाचा विषय देव आहे, स्वतःची धारणा नव्हे. आणि पंचविसाव्यात प्रार्थना करणाऱ्यास क्षमा करण्याची आज्ञा आहे. पुढे गेथशेमाने बागेत प्याला दूर व्हावा म्हणून स्वतः प्रभू विनवितो व पित्याच्या इच्छेस अधीन होतो. तो प्याला टळला नाही. त्याची धारणा उणी पडली, असे कोणी म्हणेल काय?

मार्क १:१५ मध्ये 'मेतानोइया' या ग्रीक शब्दाचे क्रियापद आले आहे. त्याचा अर्थ मन पालटणे. आपला 'पश्चात्ताप' हा शब्द दुःखावर भर देतो, म्हणून पालटाचा अर्थ उपदेशात उलगडून सांगितला पाहिजे. मात्र क्रम विसरू नये. देवाचे राज्य जवळ आले आहे, म्हणून मन पालटावयाचे; मन पालटल्यामुळे राज्य येत नाही.

हा क्रम उलटला की त्याचा भार रुग्णशय्येवरील मनुष्यावर पडतो. आजार हटला नाही, तर दोष त्याच्याच धारणेचा ठरतो. जन्मांधास पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारिले, तेव्हा प्रभूने त्या मनुष्यावर किंवा त्याच्या आईबापांवर दोष ठेविला नाही (योहान ९:३). आजाऱ्याच्या घरी उपदेशकाने मार्काचे ते वचन अवश्य वाचावे; मात्र बाविसाव्यापासून आरंभ करून पंचविसाव्यापर्यंत वाचावे.