रसिकांचे परिसंवाद आणि नत्थूची आई

साहित्यसंमेलन म्हटले की परिसंवाद हा ओघानेच आला. चंद्रपूर नगरीने अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन दोनदा पाहिले : १९७९ साली वामन कृष्ण चोरघडे यांच्या आणि २०१२ साली वसंत आबाजी डहाके यांच्या अध्यक्षतेखाली. त्या संमेलनांविषयी आम्हांस येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु परिसंवादाची जी सामान्य रीत आपल्याकडे रूढ झाली आहे, ती वाचकांच्या पूर्ण परिचयाची आहे. चार-पाच विद्वान व्यासपीठावर बसतात, प्रत्येकजण घरून लिहून आणलेला निबंध वाचतो, अध्यक्ष वेळ संपल्याबद्दल खेद व्यक्त करतात, आणि श्रोता आपला प्रश्न मनातच ठेवून घरी परततो. संवाद असतो तो केवळ नावात.

याच्या अगदी उलट रीत जपानी चलच्चित्रांच्या, म्हणजे ज्यांस ‘ॲनिमे’ म्हणतात त्यांच्या, चाहत्यांनी आपल्या मेळाव्यांत पाडली आहे. अमेरिकेत ‘ॲनिमे एक्स्पो’ हा मेळावा १९९२ साली व ‘ओटाकॉन’ १९९४ साली सुरू झाला. आपल्या देशात २०११ साली दिल्लीस ‘कॉमिक कॉन’ भरले आणि पुढे ते मुंबईसही येऊ लागले. तेथेही या चित्रांतील पात्रांचे वेष घेतलेली तरुण मंडळी दिसतात. परदेशांतील मोठ्या मेळाव्यांत ‘पॅनेल’ नावाची जी बैठक भरते, तिचे यजमानपद कोणीही साधा चाहता मागू शकतो. तो आपला विषय आधी लिहून पाठवितो, चालक त्यांतून निवड करतात, आणि मग हा विद्यार्थी किंवा कारकून तासभर चित्रे दाखवीत आपल्या आवडत्या कृतीविषयी बोलतो व समोरून येणारे प्रश्न झेलतो.

या रीतीचा गुण उघड आहे. बोलणारा मानधनासाठी किंवा मानासाठी आलेला नसतो. प्रेमाने आलेला असतो. शिवाय समोरच्या श्रोत्याला ती कृती त्याच्याइतकीच मुखोद्गत असल्यामुळे थाप मारून निभावणे शक्य नसते. परंतु दोषही याच गुणातून उपजतो. सारेच भक्त एके ठिकाणी जमले म्हणजे टाळ चुकला तर तो तत्काळ ध्यानात येतो; पण देव कसा आहे, हे कोणी विचारीत नाही. अमुक भाग कोणी रेखाटला, तमुक पात्रास आवाज कोणी दिला, याची माहिती विपुल मिळते. ती कृती आपल्या आयुष्याशी खरी वागते की नाही, हा प्रश्न मात्र राहून जातो. आणि टीकेस खरा आरंभ होतो तो त्याच प्रश्नापासून.

ही गोष्ट उदाहरणाने स्पष्ट करू. चंद्रपूर किंवा गडचिरोलीकडील एखाद्या तरुणाने असे यजमानपद घ्यावयाचे ठरविले, तर त्यास विषय शोधीत दूर जावे लागणार नाही. ‘निप्पॉन ॲनिमेशन’ या संस्थेने १९८९ साली मोगलीची बावन्न भागांची चित्रमालिका जपानात आणली. १९९३ साली ती हिंदीतून दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखानाचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. त्या काळची मुले आज आईबाप झाली आहेत आणि रविवारची ती सकाळ अद्याप विसरलेली नाहीत. किप्लिंगने १८९४ च्या आपल्या पुस्तकात मोगलीचे रान शिवनीच्या टेकड्यांत आणि वैनगंगेच्या काठी कल्पिले. ती वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावून भंडाऱ्याकडून खाली येते, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या मधून वाहते आणि वर्धा नदीस मिळून प्राणहिता होते. म्हणजे मोगली हा झाडीपट्टीचा वरच्या अंगाचा शेजारीच होय!

आता कल्पना करा, बैठक भरली आहे. नेहमीचा यजमान गीत ऐकवील, शेरखानाची गर्जना ऐकवील, बघीरा आणि बल्लू यांची चित्रे दाखवील, आणि टाळ्या पडतील. पण समोर बसलेल्यांपैकी काहीजण अशा गावांतून आलेले असतील, जेथे तेंदूपाने तोडावयास जाणे हा पोटाचा प्रश्न आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही परिसरात तेंदूपाने गोळा करणाऱ्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू पावल्या. त्या परिसरातून आलेल्या श्रोत्यास शेरखान हा गोष्टीतला लंगडा दुष्ट वाटेल काय?

अशा श्रोत्यास मूळ पुस्तकातील एक पात्र आठवेल, जे इतरांच्या सहसा ध्यानात राहत नाही. ते म्हणजे मेसुआ. रानातून गावात आलेल्या मोगलीला ती घरात घेते, कारण तिचा स्वतःचा मुलगा वाघाने नेलेला असतो. त्या मुलाचे नाव नत्थू. विदर्भात हे नाव परके नाही. नवे जोडे दिलेला दिवस आठवतो का, असे ती मोगलीस विचारते, त्याचे पाय चाचपते, या पायांनी जोडा कधी पाहिलाच नाही हे ओळखते, आणि तरीही त्याला मुलगा म्हणून ठेवून घेते. आमच्या मते साऱ्या पुस्तकात याहून करुण प्रसंग नाही. परंतु लेखकाचा ओढा रानाकडे आहे. पुढे एका कथेत मोगली ते गावच जंगलाकडून गिळवितो, आणि वाचकाने त्यात समाधान मानावे अशी योजना आहे. मेसुआ वाचते खरी. पण तिचे गाव जाते. शहरातल्या वाचकास यात न्याय दिसतो. ताडोब्याच्या कडेस राहणाऱ्यास काय दिसेल?

येथे वाघाचा कैवार घ्यावा की माणसाचा, हा वाद आम्हांस घालावयाचा नाही. त्या मुलखाने आपले उत्तर फार पूर्वी आपल्या परीने देऊन ठेवले आहे. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, अशी लोककथा आहे; लोकांनी तलावाकाठी त्याचे देवस्थान केले, आणि त्याच्याच नावावरून रानास ताडोबा म्हणू लागले. वाघही राहिला आणि मेलेला माणूसही विसरला गेला नाही. किप्लिंगच्या कथेत नत्थूला असे स्थान नाही. त्याची आठवण एकट्या आईपाशी राहते. हा भेद दाखवून देणे, हेच चंद्रपुरातील यजमानाचे काम. ते टोकियोतला किंवा लॉस एंजेलिसमधला चाहता करू शकणार नाही, मग त्याला बावन्न भाग कितीही पाठ असोत.

म्हणून परिसंवाद भरविणाऱ्या तरुणांस आमची सूचना एवढीच : प्रेम सोडू नका, कारण त्यावाचून आमचे विद्वान परिसंवाद कसे कोरडे पडले आहेत ते तुम्ही पाहतच आहां. परंतु तासातला अर्धा वेळ श्रोत्यांसाठी राखून ठेवा, आणि पहिला प्रश्न त्यास विचारू द्या, ज्याला ती कृती तुमच्याइतकी आवडलेली नाही. झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर जागून नाटक पाहणारा आहे. त्यास बोलते करणे अवघड जाऊ नये. त्याच्या प्रश्नाने तुमच्या आवडत्या कृतीस थोडी इजा होईल. ती सोसूनही जी कृती उरेल, तिच्यावरचे तुमचे प्रेम अधिक टिकाऊ ठरेल.