'अ' की 'द' : अनुवादकाचा निर्णय

मराठीत उपपद नाही, तसे ते कन्नडातही नाही. परंतु म्हणून ह्या भाषांना निश्चित व अनिश्चित ह्यांतील भेद ठाऊक नाही, असे मात्र नव्हे. 'अंगणात कुत्रा होता' ह्या वाक्यातील कुत्रा आपणांस प्रथमच भेटतो. 'कुत्रा अंगणात होता' म्हणताच तो परिचयाचा ठरतो. 'मुलगी पाहिली' आणि 'मुलीला पाहिले' ह्यांतील अंतर कोणाही वरपित्यास समजावून सांगावे लागत नाही. आपण जे शब्दक्रमावर, प्रत्ययावर आणि पुष्कळदा मौनावर सोपवितो, ते इंग्रजी उघडपणे वदवून घेते.

बसवनगुडीत कन्नड शेजारात राहून मराठीचा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या प्रस्तुत लेखकास ह्याचे मार्मिक उदाहरण कन्नडातच आढळले. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' (१९६५) ह्या कादंबरीचा ए. के. रामानुजन यांनी केलेला अनुवाद १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्याचे उपशीर्षक 'अ राइट फॉर अ डेड मॅन' असे आहे. वस्तुतः अग्रहारात पडलेले प्रेत नारणप्पाचे. ते कोणाचे हा प्रश्नच नाही. मग 'द' का नाही? 'द' योजला असता तर ती एका गावची हकीकत झाली असती. 'अ'मुळे मृत कोण, नारणप्पा की प्राणेशाचार्यांचे आजवरचे जीवन, ही शंका जागी राहते. दारातल्या त्या विशिष्ट प्रेताची निकड मात्र त्यामुळे थोडी उणावते, हेही मान्य केले पाहिजे.

ह्याउलट माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) राम देशमुखकृत अनुवाद 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स' (१९५८). विशेषनाम गेले, 'द' आला. कथेतील तरुण मास्तर प्रथम येतो तो एका अनोळखी वाडीत. दुष्काळाने ती उजाड होते तेव्हा ती त्याची झालेली असते. शीर्षकातील 'द' हा त्या शेवटावरून मागे वळून पाहणाऱ्याचा आहे, म्हणून तो सार्थ वाटतो.

सारांश, उपपदाची निवड हा व्याकरणाचा नव्हे, निवेदकाच्या स्थानाचा प्रश्न आहे. कोणाला, कोणत्या क्षणी, किती ठाऊक आहे, हे ज्याने जाणले नाही त्याने मूळ कथाच वाचलेली नाही. 'दारात म्हातारी उभी होती' ह्या एका कथेच्या आरंभवाक्यात प्रस्तुत लेखकाने पूर्वी 'द' घातला होता. ती कोण, हे अखेरपर्यंत न उलगडण्यातच त्या कथेचे मर्म होते. ते एका अक्षराने पहिल्याच ओळीत नष्ट झाले. आणि इंग्रजी वाक्य मात्र निर्दोष होते.