स्वगताचें पुनरागमन

मोबाईलच्या पडद्यावर जें जें घडतें तें तसेंच्या तसें टिपून ठेवण्याची सोय आतां कोणाहि शाळकरी मुलाच्या हातीं आलेली आहे. अँड्रॉइड यंत्रांत २०१४ पासून तशी वाट मोकळी झाली, अ‍ॅपलनें २०१७ सालीं ती सोय आपल्या फोनांत घातली, आणि आज पडदा वरून खालीं ओढला कीं 'स्क्रीन रेकॉर्डिंग'चें चिन्ह समोर उभें राहतें. विजेचें बिल फोनवरून कसें भरावें हें गांवांतील वडील माणसांस दाखविण्यासाठीं, खेळांतील पराक्रम मित्रांपुढें मिरविण्यासाठीं, किंवा भांडणांतील पुरावा राखण्यासाठीं लोक तिचा उपयोग करितात. असल्या कामचलाऊ साधनांतून एखादा कलाप्रकार निघेल असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं. तथापि गेल्या दहा-बारा वर्षांत तसा प्रकार निघाला आहे. सबंध कथा फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरच घडावी अशा ह्या चित्रपटांस 'स्क्रीनलाइफ' असें नांवहि मिळालें आहे. त्यांच्याविषयीं जें लिहिलें जातें त्यांत नवेपणाचें कौतुकच फार असतें. आमच्या मतें त्यांत जें खरोखर मोलाचें आहे तें नवें नसून फार जुनें आहे. रंगभूमीवरून हद्दपार झालेलें स्वगत त्यांनीं परत आणलें आहे.

संस्कृत नाट्यशास्त्रानें रंगभूमीवरील बोलण्याचे किती बारीक भेद केले होते हें वाचकांस ठाऊकच आहे. सर्वांस ऐकूं जावयाचें तें प्रकाश, स्वतःशींच बोलावयाचें तें स्वगत, इतरांस चुकवून दोघांनीं आपसांत बोलावयाचें तें जनान्तिक, आणि रंगभूमीवर नसलेल्या माणसाशीं बोलावयाचें तें आकाशभाषित. किर्लोस्कर, देवल, गडकरी ह्यांच्या काळीं आमच्याकडे स्वगतास मोठा मान होता. पुढें इब्सेनच्या वळणाच्या नाटकाचें वारें आलें, १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' ह्या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें, आणि शहाणा मनुष्य एकटा असतां मोठ्यानें बोलत नाहीं ह्या न्यायानें स्वगत हळूहळू मागें पडलें. न्याय बरोबरच होता. परंतु त्यामुळें नाटककाराची जी पंचाईत झाली ती अद्याप पुरती सुटलेली नाहीं. मनुष्य बोलतो एक आणि त्याच्या मनांत असतें दुसरें, ही गोष्ट प्रेक्षकांस कळवावयाची कशी? बोलपटानें चेहरा जवळून दाखविला, पाठीमागून निवेदन ऐकविलें; परंतु चेहऱ्यावरून अंदाज तेवढा करतां येतो, आणि निवेदन म्हणजे कथा घडून गेल्यावर सांगितलेली हकीकत.

आतां अनीश चगंटी ह्यांचा 'सर्चिंग' (२०१८) हा चित्रपट पाहावा. कॅलिफोर्नियांतील सॅन होझे शहरीं राहणारा एक विधुर बाप आपल्या हरवलेल्या मुलीचा शोध तिच्या संगणकांतून घेतो, एवढेंच कथानक. बापाचें काम जॉन चो ह्यांनीं केलें आहे. आरंभीं तो मुलीला एक निरोप लिहीत असतो. तुझ्या आईलाहि अभिमान वाटला असता, अशा अर्थाचे शब्द तो लिहितो, क्षणभर थांबतो, आणि पाठविण्यापूर्वीं पुसून टाकतो. मुलीस ते शब्द कधींच दिसत नाहींत, प्रेक्षकास दिसतात. बाप आणि मुलगी ह्यांच्यामध्यें मेलेल्या आईचें नांव काढावयाचें नाहीं असा अलिखित करार आहे, ही सारी गोष्ट एका खोडलेल्या वाक्यानें सांगून होते. हें स्वगत नव्हे तर काय? आणि तें जुन्या स्वगतापेक्षां एका बाबतींत सरस आहे. जुन्या नटास आपलें मन बोलून दाखवावें लागे. ह्या बापास तें दाबून टाकावें लागतें. एकटा मनुष्य मोठ्यानें बोलत नसेल, पण लिहून पुसतो खास. वास्तववाद्यांचा आक्षेप येथें लागूंच पडत नाहीं.

त्याच चित्रपटाच्या सुरुवातीस ह्याहून परिणामकारक असा एक तुकडा आहे, आणि त्यांत एकहि पात्र बोलत नाहीं. संगणकावरील दिनदर्शिकेंत आई रुग्णालयांतून घरीं येण्याची तारीख नोंदलेली असते. ती नोंद पुढें सरकविली जाते आणि शेवटीं काढून टाकली जाते. मृत्यूचा प्रसंग ह्याहून संयमानें चित्रपटांत रंगविलेला आम्हीं क्वचितच पाहिला आहे.

जनान्तिकाचें उदाहरण हवें असेल तर लेव्हान गाब्रियाझे ह्यांच्या 'अनफ्रेंडेड' (२०१४) ह्या भयपटाकडे वळावें. चारपांच तरुण मुलें-मुली एकत्र दृक्संभाषण करीत असतां नायिका व तिचा प्रियकर बाजूच्या चौकटींत एकमेकांस गुपचूप लिहितात. चेहऱ्यावर सर्वांसाठीं एक भाव, बोटांखालीं एकासाठीं दुसरा. बाकी ह्या भयपटांत भूत आहे आणि त्यास इतर भुतांप्रमाणेंच फारशी बुद्धि नाहीं, तेव्हां त्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल कीं, पत्ररूप कादंबरीनें हें पूर्वींच साधलें होतें. रिचर्डसनची 'पामेला' १७४० सालची. आमच्याकडे वामन मल्हारांची 'इंदु काळे व सरला भोळे' पत्रांतूनच उलगडते. परंतु कादंबरींतील पत्र हें लिहून संपलेलें, घडी घालून पाठविलेलें पत्र असतें. चुरगळून टोपलींत टाकलेले आधीचे चार कागद वाचकास कादंबरीकार दाखवीत नाहीं. दाखवूं म्हटलें तरी सांगूनच दाखवावे लागतात. पडद्याचें मुद्रण नेमके तेच कागद दाखवितें. पाठविलेल्या मजकुरापेक्षां न पाठविलेला मजकूर, आणि त्याहूनहि दोहोंमधील विलंब, हा ह्या कलेचा खरा माल आहे. शब्द कोणालाहि लिहितां येतात. विलंब लिहितां येत नाहीं, तो टिपावाच लागतो.

मात्र येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्यास आपण टिपलेला पडदा म्हणतों तो ह्या चित्रपटांत बहुधा टिपलेला नसतोच. 'सर्चिंग'चें चित्रीकरण अवघ्या १३ दिवसांत झालें आणि संकलनास मात्र वर्षाहून अधिक काळ लागला. कारण प्रत्येक खिडकी, प्रत्येक अक्षर, बाणाचें प्रत्येक अडखळणें चित्रकाराच्या टेबलावर नव्यानें रचावें लागलें. कलेंत रचनेचा दोष कोणी देत नाहीं. आमची तक्रार वेगळी आहे. एकदां पडदा हीच रंगभूमि असें ठरविल्यावर तिचे नियम पाळले पाहिजेत. 'अनफ्रेंडेड'चे निर्माते टिमूर बेकमाम्बेतोव्ह ह्यांनीं स्थळ, काळ आणि आवाज ह्या तिन्हींची एकता राखावी असा दंडक सांगितला होता, आणि त्या भयपटानें, भूत वगळतां, तो बराच पाळला आहे. 'सर्चिंग'मध्यें मात्र दृष्टि पडद्यावर इकडून तिकडे धांवते, हवी ती ओळ मोठी करून दाखविते, आणि दुःखाच्या प्रसंगीं वाद्यें वाजूं लागतात. हीं वाद्यें कोण वाजवितो? बापाच्या संगणकांत तर कोणतेंच गाणें चालू नाहीं. जेथें पुसलेल्या एका ओळीनें काम झालें आहे तेथें वाद्यमेळ बोलाविणें म्हणजे स्वगत संपल्यावर सूत्रधारानें येऊन त्याचा अर्थ सांगण्यासारखें आहे.

दुसरा दोष जुन्या स्वगताचाच आहे. आमचे कांहीं नाटककार स्वगतांतून मागच्या अंकाची हकीकत सांगून घेत. तसेंच ह्या प्रकारच्या सामान्य चित्रपटांत पात्रें एक संपूर्ण, व्याकरणशुद्ध, प्रेक्षकास उपयुक्त असें वाक्य लिहितात आणि मग तें पुसतात. खरा मनुष्य असें लिहीत नाहीं. तो एक शब्द लिहितो, अर्धा पुसतो, चुकीचें अक्षर दाबतो, दुसऱ्याच कोणाचें छायाचित्र पाहून येतो, आणि शेवटीं नुसतें 'बरं' असें पाठवितो.

फोन आणि संगणक ह्यांतील भेदहि ह्या लेखकांनीं पुरता ओळखलेला दिसत नाहीं. संगणकावर बाण असतो. तो थरथरतो, घुटमळतो, एखाद्या बटणावर जाऊन परत येतो. तो एक नटच आहे. मोबाईलवर तो नट नाहीं. बोट कांचेवर फिरतें, पण साध्या मुद्रणांत तें उमटत नाहीं. उमटतें तें बोटानें केलेलें काम. म्हणूनच बहुतेक दिग्दर्शक संधि मिळतांच संगणकाकडे पळतात. वास्तविक फोनपाशीं असें कांहीं आहे कीं जें जुन्या नाट्यशास्त्राच्या एकाहि भेदांत बसत नाहीं. आपण लिहूं लागलों कीं पलीकडच्या माणसास आपण लिहीत आहों हें दिसतें. काय लिहितों तें दिसत नाहीं. ती खूण उगवते, मावळते, पुन्हां उगवते, आणि निरोप येत नाहीं. तसेंच २०१७ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविलेला मजकूर दोहोंकडून काढून टाकतां येतो. पण काढून टाकल्याची नोंद मागें राहते. म्हणजे हें असें स्वगत कीं समोरच्यास शब्द ऐकूं गेले नाहींत, पण ओंठ हलतांना दिसले. ह्या एका गोष्टीवर एखाद्या समर्थ लेखकास सबंध अंक उभारतां येईल.

मल्याळम चित्रपट 'सी यू सून' ह्या दृष्टीनें अधिक विचारास पात्र आहे. २०२० च्या टाळेबंदींत महेश नारायणन ह्यांनीं तो कोचीस आयफोनवर चित्रित केला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत तो ॲमेझॉन प्राइमवर आला. आखातांत नोकरी करणारा जिमी (रोशन मॅथ्यू) फोनवरच एका मुलीच्या, अनूच्या (दर्शना राजेंद्रन), प्रेमांत पडतो आणि थोड्याच दिवसांत लग्नाचें बोलूं लागतो. जिमीची आई त्याच्या भावास, संगणक-सुरक्षेचा जाणकार असलेल्या केविनला (फहाद फासिल), मुलीची माहिती काढावयास सांगते. स्थळाची चौकशी ही आमच्या घरांतूनहि चालत आलेली रीत. पूर्वीं ती शेजारच्या गांवच्या सोयऱ्यामार्फत होई, येथें ती केविन मुलीच्या परवानगीवांचून तिच्या खात्यांत शिरून करितो. पुढें अनू नाहींशी होते, आणि उलगडतें तें असें कीं, घरकामाच्या नांवाखालीं तिला परदेशीं नेऊन देहविक्रयास लावण्यांत आलें होतें.

वेग, अभिनय आणि साधनांची काटकसर ह्या तिन्ही बाबतींत हा चित्रपट 'सर्चिंग'च्या शेजारीं बसण्याजोगा आहे. फहाद फासिल पडद्याकडे पाहत बसलेला मनुष्य इतका हुबेहूब करितात कीं, त्यांच्या चेहऱ्यावर पडलेला निळा उजेडहि अभिनय करीत असल्याचा भास होतो. परंतु आम्हांस अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरीच आहे. चित्रपटाचा बहुतेक भाग आपण जिमी व केविन ह्यांच्या पडद्यांवरून पाहतों. त्यांची घाई, त्यांचा संशय, त्यांची चलबिचल आपणांस कळते. अनू मात्र दुसऱ्याच्या पडद्यावरील चौकट म्हणून, छायाचित्र म्हणून, धुंडाळून काढलेली नोंद म्हणून येते. जिला सर्वांत अधिक लपवावें लागलें, जिनें प्रत्येक निरोप पाठविण्यापूर्वीं दहादां विचार केला असेल, तिचेंच स्वगत आपणांस जवळजवळ मिळत नाहीं. रहस्य टिकविण्यासाठीं हें करावें लागलें हें आम्ही जाणतों. तथापि त्या रहस्याची किंमत अशी कीं, ज्या साधनानें तिचें मन दाखवितां आलें असतें त्याच साधनानें तिची झडती घेतली जाते, आणि झडती घेणाऱ्याच्या खांद्यावरून आपणहि पाहतों. कुलूप उघडतांना केविनचें चातुर्य पाहून प्रेक्षक खूष होतो, आणि आंत काय आहे हें कळल्यावर खजील होतो. हा खजीलपणा दिग्दर्शकानें हेतुपुरस्सर घडविला आहे असें मानण्यास जागा आहे. केविनच्या शेवटच्या मुद्रेवरून तरी तसें वाटतें. पण तो फार उशिरां येतो.

आणि हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाहीं. बँकेचें पान फोनवर उघडून पडदा टिपूं लागल्यास मुद्रणांत बहुधा काळी चौकट उमटते. विकत घेतलेल्या चित्रपटाचेंहि तेंच. पैसा आणि माल ह्यांभोंवतीं यंत्रानें पडदा ओढला आहे. एकदांच उघडावयाचें म्हणून पाठविलेलें छायाचित्रहि व्हॉट्सअ‍ॅप टिपूं देत नाहीं. पण मैत्रिणीनें मैत्रिणीस रात्रीं लिहिलेलें साधें बोलणें कोणीहि टिपावें, लिहिणारीस त्याचा सुगावाहि लागत नाहीं. जुन्या रंगभूमीवर स्वगत प्रेक्षकांनींच ऐकावें असा संकेत होता, आणि प्रेक्षक तें नाटकांतील पात्रांस जाऊन सांगत नसत.

विक्रमादित्य मोटवाने ह्यांच्या 'कंट्रोल' (२०२४) ह्या हिंदी चित्रपटापर्यंत येतां येतां स्वगताची गरजच कमी होऊं लागलेली दिसते. प्रियकरानें फसविलेली नेला (अनन्या पांडे) आपल्या सर्व छायाचित्रांतून त्यास पुसून टाकण्याचें काम एका कृत्रिम साहाय्यकावर सोंपविते. पुसण्याची क्रिया, जी 'सर्चिंग'मधील बापास स्वतःच्या हातानें करावी लागली होती, ती येथें यंत्र करितें, आणि नेला त्याच्याशीं जुन्या नाटकांतील सखीशीं बोलावें तशी मोकळेपणीं बोलते. ती थांबत नाहीं, घुटमळत नाहीं. मनांत येतांच सांगून टाकते. पुढील कथानक त्या सखीच्या विश्वासघाताचें आहे, आणि तें बेताचेंच जमलें आहे. पण छायाचित्रांतून तो तरुण एकेक करून नाहींसा होतो तो प्रसंग आम्हीं दोनदां पाहिला. दोन्ही वेळां आमची नजर चित्रांत मागें उरलेल्या मोकळ्या जागेकडे गेली, आणि नेलाचा चेहरा पाहावयाचा राहून गेला.