‘रानमोडी’ आणि ‘गिरिपुष्प’ : एका परिभाषेची चिकित्सा

परकीय वनस्पतींच्या फैलावाविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात वनस्पतिशास्त्राची जेवढी काळजी घेतलेली असते तेवढी शब्दांची दिसत नाही. वस्तुतः एखाद्या झुडपाचे काय करावयाचे, याचा निर्णय पुष्कळदा त्यास काय म्हणावयाचे येथेच होऊन जातो.

प्रथम ‘तण’ हा शब्द घेऊ. ही शेतातील कल्पना होय : पेरले ते पीक, न पेरता उगवले ते तण. रानात कोणी पेरणी केलेली नसते. तेथे हा शब्द नेला, की ज्याचा उपयोग दिसत नाही ते सारेच तण ठरते. भिवंडीभोवती गोदामे व रस्ते यांच्या कडेस उरलेल्या रानात झुडपे सरसकट साफ केली, तर घाणेरीबरोबर करवंद, कुडा व धायटीही जातात. आणि उघड्या पडलेल्या मातीत वाऱ्यावर येणारे रानमोडीचे बी सहज रुजते.

‘परकीय’ हे विशेषणही अपुरे आहे. मिरची आणि काजू हीही अमेरिकेतूनच आली. दोष मूळस्थानात नसून वर्तनात आहे, आणि लोकभाषेने नेमके तेच टिपले आहे. रान मोडते ती ‘रानमोडी’. उंदीर मारते ती ‘उंदीरमारी’. नाम, धातू व कर्तृवाचक ‘ई’ अशी दोन्ही नावांची एकच घडण. उंदीरमारीच्या ‘ग्लिरिसिडिया’ या शास्त्रीय नावाचा लॅटिन अर्थही मूषकघातकी असाच आहे. शेतीविषयक लेखनात रूढ झालेल्या ‘गिरिपुष्प’ या नावाने मात्र लॅटिनचा ध्वनी घेतला आणि अर्थ टाकला. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील हे झाड नावापुरते सह्याद्रीचे झाले! हिरवळीच्या खतासाठी ते बांधावर उपयुक्त आहे, हे मान्य. परंतु बांधावरील गुण डोंगरावर ग्राह्य धरण्यास असे नाव नकळत साहाय्य करते.

म्हणून शेतापुरता ‘तण’ ठेवावा आणि रानासाठी ‘रानमोडी’च्या धर्तीवर वर्तनदर्शक संज्ञा घ्यावी. वसई व भिवंडी तालुक्यांत पसरलेल्या तुंगारेश्वर अभयारण्यासारख्या ठिकाणी निर्मूलन करावयाचे, तर ते नावानिशी, बी धरण्यापूर्वी व मुळासकट झाले पाहिजे. त्यासाठी करवंद आणि घाणेरी पानावरून ओळखणारे स्थानिक वारली व कातकरी जाणकार प्रथम हवेत, यंत्र त्यानंतर.