पंपाची वीज कुणाच्या खात्यात?

फ्लो बॅटरीवरचा पेपर हातात आला की आधी एवढंच बघा: कार्यक्षमतेत पंपाची वीज धरलीय का? बऱ्याचदा नसते, सेलमध्ये गेलेली आणि परत आलेली वीज तेवढी मोजतात. जळगावच्या ठिबकवाल्या शेतकऱ्याला हा हिशेब पटायचा नाही. नळी बारीक केली की दाब वाया जातो, हे त्याला पाठ असतं. इथे व्हॅनेडियमचं द्रावण कार्बन फेल्टमधून ढकलायचं असतं; प्रवाह दुप्पट केला की पंपाची वीज साधारण चौपट. मग पंप सतत जोरात कशाला? चार्जिंग संपत आलं की प्रवाह जास्त लागतो, मधे कमी चालतो. सेलना जोडणाऱ्या वाहिन्या रुंद केल्या तर दाब वाचतो खरा, पण द्रावणातूनच वीज गळते. ही ओढाताण पेपरात हवी. उद्या धुळे जिल्ह्यातल्या साक्रीच्या सौर प्रकल्पाला अशी बॅटरी जोडली, तर पंपाचं बिल येणारच.