‘चांचा’ या संज्ञेची घडण : आंग्रे, कंपनी आणि मालवणचा किनारा

विजयदुर्ग व सिंधुदुर्ग या दोन जलदुर्गांच्या दरम्यान आचऱ्याची खाडी समुद्रास मिळते. या किनाऱ्यावरून निघणाऱ्या गलबतास अठराव्या शतकात वाऱ्याइतकीच परवान्याचीही चिंता वाहावी लागे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासूनच ‘कार्ताझ’ नसलेले जहाज पकडण्याचा हक्क स्वतःकडे घेतला होता. मुंबईकर इंग्रज आपले परवाने देत. मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे आपले दस्तक मागत. तिघांचा व्यवहार मुळात एकाच जातीचा होता. तथापि ‘चांचे’ ठरले ते एकटे आंग्रे.

या दृष्टीने क्लेमेंट डाउनिंग याचा १७३७ साली लंडन येथे प्रसिद्ध झालेला ग्रंथ चिकित्सेस योग्य आहे. त्याच्या लांबलचक शीर्षकात ‘आंग्रे चांचा’ आणि कमोडोर मॅथ्यूज याच्या आरमाराने ज्यांचे पारिपत्य करावयाचे ते चांचे शेजारीशेजारी बसविले आहेत. वस्तुतः हे दुसरे चांचे मादागास्करच्या आश्रयाने राहणारे, कोणत्याही राजाची चाकरी न मानणारे युरोपीय दर्यावर्दी होत. उलट कान्होजी हे शाहूमहाराजांचे सरखेल. १७१३ मध्ये खुद्द मुंबईकरांनी त्यांच्याशी तह केलेला. एका शब्दाच्या पोटात दोघांना घातले की सरखेलीचे पद आपोआप पुसले जाते. १७२१ मध्ये याच मॅथ्यूजची जहाजे पोर्तुगीजांच्या साह्याने कुलाब्यावर चालून गेली व अपयश घेऊन परतली. पराभवाने हे चित्र फिके होण्याऐवजी गडदच झाले, यात नवल नाही. शत्रूचे बळ कबूल करण्यापेक्षा त्याचे क्रौर्य वर्णिणे कोणत्याही सरकारास सोयीचे असते.

चित्राचा खरा उपयोग दिसतो तो १७५५-५६ मध्ये. पेशव्यांचा तुळाजी आंग्रे यांच्याशी कलह आज्ञापालनाचा, म्हणजे घरचा. कंपनीचा कलह समुद्रावरील हुकमतीचा. ‘समान शत्रू’ या कल्पनेने हे दोन भिन्न कलह एकत्र बांधले. विजयदुर्ग पडला, लूट मात्र इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, आणि किल्ला सोडण्यापूर्वी बाणकोट पदरात पाडून घेतले. सुवर्णदुर्ग जिंकणाऱ्या विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ लंडनजवळ १७८४ मध्ये मनोराही उभा राहिला.

मराठी लेखकांनी या प्रतिमेस दिलेले उत्तर बव्हंशी उलट प्रतिमेचे आहे. ‘चांचा’ खोडून ‘आरमाराचा महापुरुष’ लिहिले, की पेशव्यांचा या मोहिमेतील वाटा अडचणीचा होतो, म्हणून तो घाईने आवरला जातो. परवान्याविना अडकलेल्या साध्या व्यापाऱ्याचा विचार तर दोन्हीकडे नाही.

आंग्र्यांचे आरमार संपल्यावरही संज्ञा संपली नाही. ती दक्षिणेकडे सरकली. १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ नाव दिले व पुढे पैसा घेऊन तो करवीरकरांस परत केला. इंग्रजी लेखनात ‘मालवणी चांचे’ असा उल्लेख येतो. आता व्यक्ती नव्हे, गावच चांचा ठरले. १८१२ च्या तहाने कोल्हापुराकडून मालवण कायमचे घेतले गेले, तेव्हा चांचेगिरीचा बंदोबस्त हेच त्याचे कारण सांगण्यात आले.